हातानं पाहिलेला ताप

आजवर हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बायकोला नाही, बरोबर नोकरी केलेल्या एकाही माणसाला नाही. बायकांच्या वॉर्डातले चार थर्मामीटर त्या सकाळी मी उकळले. वाचणाऱ्याला हसू येईल, येऊ द्या. पुष्कळदा मलाही येतं. पण त्या चार काचेच्या कांड्यांपायी एका बाईंची नागपूरची जागा गेली आणि ती मला मिळाली, म्हणून आता हे लिहायला बसलो.

मी नर्स. पुरुष असून नर्स. आता नर्सिंग शिकणाऱ्या मुलामुलींना शिकवतो म्हणून लोक सर म्हणतात, पण मूळ धंदा तोच. या धंद्यात आलो त्यामागे सेवाभाव वगैरे काही नव्हतं, हेही सांगून टाकतो. वडील हिंगणघाटला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते, घरात खाणारी तोंडं सात. ट्रेनिंगमध्ये राहणं, दोन वेळचं जेवण आणि दोन जोड कपडे मिळत होते, एवढंच मी पाहिलं. सेवेच्या ओढीनं आलेले दोघे माझ्या बॅचला होते. पहिल्या महिन्यात बेडपॅन धुवायला लागल्यावर ते कुठं गेले कळलंच नाही. मी जेवणासाठी आलो होतो, म्हणून टिकलो.

आईला माझ्या नोकरीचं नाव घेता येत नसे. कुणी विचारलं तर ती म्हणायची, "दवाखान्यात हाय." पुढचं ज्यानं त्यानं समजून घ्यावं. एकदा स्थळ घेऊन लोक आले. मुलीचे मामा मला डॉक्टरच समजले. चहा पिता पिता जवळ सरकले आणि तोंड उघडून दाढ दाखवायला लागले. मी म्हटलं, मामा, दाढेचं मला कळत नाही, मी नर्स आहे. त्यांनी तोंड मिटलं. मग आईकडं वळून विचारलं, "म्हणजे पोरगा बायकायचं काम करते?"

आई म्हणाली, "तुमी बिमार पडान तवा तुमाले उचलाले बाई पुरन का? असा गडीच लागन."

उत्तर चोख होतं. स्थळ मात्र गेलं.

माझी नोकरी समुद्रपूरच्या बाजूला एका लहान दवाखान्यात होती. पुरुषांच्या बारा खाटा, बायकांच्या दहा, मध्ये ड्रेसिंगची खोली आणि दोन्ही वॉर्डांच्या पाठीमागून जाणारा एक लांब व्हरांडा. आमचा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता. तपासणीला येणारे मोठे डॉक्टरसाहेब हिंदी बोलायचे, रोगी वऱ्हाडी बोलायचे, आणि मधल्या मध्ये आम्ही दोन्ही बोलायचो. लोकांना वाटतं नर्सचा सगळा दिवस रोग्याच्या कपाळावर हात ठेवण्यात जातो. माझा दिवस जायचा पाणी वाहण्यात, स्टोव्ह पेटवण्यात, जखमेवर बांधायची जाळीदार गाज कापण्यात, आणि वस्तू मोजण्यात.

मोजण्याचं सांगायलाच हवं, कारण सगळं त्यात आहे.

प्रत्येक वॉर्डात इतक्या चादरी, इतक्या कात्र्या, इतके थर्मामीटर असायला हवेत असा नियम होता. प्रत्यक्षात निम्मंच असायचं. फाटलं, फुटलं की लिहून कळवावं लागे. कळवलं की निष्काळजीपणाबद्दल शेरा येई, नवीन वस्तू येत नसे. म्हणून कुणी कळवायचंच नाही. त्याऐवजी आमची एक पद्धत होती आणि ती मेट्रनबाईंसकट सगळ्यांना ठाऊक होती. साहेब पुरुषांच्या वॉर्डात असले की दवाखान्यातल्या सगळ्या चांगल्या चादरी पुरुषांच्या वॉर्डात. मग मेट्रनबाई साहेबांना चहाला घेऊन जायच्या, आणि तेवढ्यात मागच्या व्हरांड्यातून चादरी बायकांच्या वॉर्डाकडं पळायच्या. रोगीसुद्धा तयार झाले होते. पाय प्लास्टरमध्ये टांगलेला एक गडी खिडकीपाशी होता, तो आमचा पहारेकरी. साहेबांनी कप उचलला की तो आतून सांगायचा, "घेतला बरं, उचला आता." अंगात ताप असलेली माणसं चादर काढायला कंबर वर करून द्यायची.

एकदा बायकांच्या वॉर्डातल्या चादरीला बिडीचा वास आला. साहेबांनी नाक वर केलं. बायकांच्या वॉर्डाच्या सिस्टर जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी हिंदीत सांगितलं की या बाईचा नवरा भेटायला येतो, तो खाटेवरच बसतो, ऐकत नाही. ती बाई कुमारी होती. तिनं पदरात तोंड लपवलं. साहेबांना वाटलं लाजली.

त्या सिस्टर म्हणजेच ताई. सगळा दवाखाना त्यांना ताई म्हणायचा. माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठ्या, समुद्रपूरकडच्याच. नवरा लवकर गेलेला, एक लहान मुलगी आजोळी ठेवलेली. मला त्यांनी इंजेक्शन देणं शिकवलं, जखम बांधणं शिकवलं, आणि रोग्याचे नातेवाईक भांडायला आले तर आधी त्यांना पाणी द्यायचं हेही शिकवलं. आणि त्यांचा हात. ताई रोग्याच्या मानेला उलटा हात लावून ताप सांगायच्या. नुसतं "ताप आहे" असं नाही, आकड्यात. मग थर्मामीटर लावायच्या, आणि पारा त्यांनी सांगितलेल्या रेघेच्या आसपासच थांबायचा. आम्ही कधीकधी त्यावर पैज लावायचो. हरायचो.

त्या वर्षी नागपूरला एक कोर्स निघाला. नर्सना शिकवणारी नर्स तयार करायचा. आमच्या दवाखान्याला एक जागा होती आणि अर्ज दोघांचे होते, ताईंचा आणि माझा. जागा ताईंची हे सगळे धरून चालले होते, मीही. मी अर्ज केला तो ताईंनीच करायला लावला म्हणून; एकाच अर्जावर साहेब जागा देणार नाहीत, दोन असले की निवड केल्यासारखं दिसतं, असं त्या म्हणाल्या. मुलीला नागपूरच्या शाळेत घालायचं त्यांनी ठरवलं होतं. वर्ध्याच्या बाजारात त्यांनी एक ट्रंकही बघून ठेवली होती.

साहेब त्या सकाळी वॉर्ड बघून निवड करणार होते.

थर्मामीटर दर वॉर्डाला सहा हवेत. ताईंकडं चार होते, कारण त्या जपायच्या. आमच्याकडं दोन. मिळून सहा भरत होते, फक्त ते सहा एका वेळी एकाच वॉर्डात असायला हवे होते. साहेब नेहमी पुरुषांच्या वॉर्डापासून सुरुवात करायचे. म्हणून ताईंनी उजाडताच आपले चार गाजमध्ये गुंडाळून मागच्या व्हरांड्यातून माझ्याकडं पाठवले. कुणाच्या डोळ्यावर येऊ नये म्हणून गाजची पुरचुंडी.

आता, आम्ही काचेच्या सिरिंजाही उकळताना गाजमध्येच गुंडाळायचो. एकमेकींवर आपटून तडकू नयेत म्हणून. ड्रेसिंगच्या खोलीत टेबलावर माझ्या सिरिंजांच्या पाच पुरचुंड्या होत्या, त्यांच्या शेजारी ती सहावी. मेट्रनबाई दारातून हाक मारत होत्या, स्टोव्ह भडकत होता, मी सहाच्या सहा उचलून उकळत्या पाण्यात टाकल्या.

थर्मामीटर उकळायचा नसतो. हे ट्रेनिंगच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात, आणि पुढं पंधरा वर्षं मी स्वतः शिकवलं. पाण्यात आधी एक बारीक टक् झालं. मला वाटलं स्टोव्हचा आवाज. मग आणखी तीन. चिमट्यानं पुरचुंडी वर काढली तर गाजमधून पारा ठिबकत होता. भांड्याच्या तळाशी त्याचे गोळे इकडून तिकडं पळत होते, मोठ्या मजेत असल्यासारखे.

मी काचा आणि गाज घाण पट्ट्यांच्या बादलीत खाली दाबून टाकल्या. तेवढ्यात खिडकीतला पहारेकरी ओरडला की साहेब आज उलट्या बाजूनं निघाले, आधी बायकांकडं जाऊन राह्यले.

म्हणजे सहा थर्मामीटर आता तिकडं हवे होते. ताई मागच्या दारात आल्या. त्या कुजबुजल्या, "माये चार दे, आन तुये दोन बी दे. लवकर."

मी म्हटलं, "आणतो ताई."

इथं मला थांबून खरं लिहायचं आहे. चार फुटले ती चूक. अशी चूक घाईत कुणाकडूनही होते. पण माझे दोन धड होते, माझ्या वॉर्डातल्या पेल्यात. ते मी दोन पावलांवर जाऊन उचलू शकत होतो. मी पेल्यापर्यंत गेलोही. आणि मनात आलं, हे दिले तर साहेब इकडं येतील तेव्हा माझ्या पेल्यात एकही नसेल. मी ते तिथंच ठेवले. जागा ताईंचीच आहे असं म्हणत म्हणत, माझ्यातल्या कुणाला तरी ती हवी होती.

ताई थोडा वेळ वाट पाहून परत गेल्या. त्यांच्या दहा रोग्यांचा सकाळचा ताप घेतलेलाच नव्हता, कारण थर्मामीटर उजाडल्यापासून माझ्याकडं. खाटेच्या पायथ्याशी टांगलेले तक्ते कोरे. साहेबांच्या बुटांचा आवाज व्हरांड्यात आला तेव्हा ताई पहिल्या खाटेपासून निघाल्या. मानेला हात, तक्त्यावर आकडा. मानेला हात, आकडा. मी मागच्या दाराच्या फटीतून पाहत होतो. दहा खाटा त्यांनी साहेब आत येईपर्यंत पुऱ्या केल्या.

साहेबांनी तक्ते पाहिले, मान हलवली. मग रिकामा पेला पाहिला आणि थर्मामीटर कुठं आहेत विचारलं.

ताईंनी दाराकडं पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. बस, तेवढंच केलं मी.

"फुटले साहेब," ताई म्हणाल्या.

कधी? आज. किती? सगळे. मग हे सकाळचे आकडे कसे आले? ताईंनी सरळ सांगितलं की हातानं पाहिले.

साहेबांनी स्वतःच्या खिशातला थर्मामीटर काढला आणि तीन रोगिणींना लावला. दोघींचा आकडा नेमका निघाला. तिसरीचा अर्ध्या रेघेनं चुकला. एक म्हातारी आपल्या खाटेवरून म्हणाली, "बाईचा हात तराजूच्या काट्यावानी हाय बावा, काहाले काच वाया घालता." साहेबसुद्धा हसले. हसत हसतच त्यांनी वहीत लिहिलं. मेट्रनबाईंना ते हिंदीत म्हणाले की हात उत्तम आहे, पण न मोजता आकडा लिहिणारी बाई दुसऱ्यांना मोजायला कशी शिकवणार.

मग ते आमच्याकडं आले. माझ्या पेल्यात दोन होते. सहा हवे होते, पण नुकताच शून्य पाहून आलेल्या माणसाला दोन पुष्कळ वाटतात. माझे तक्ते भरलेले होते, मोजून भरलेले. साहेबांनी पाठीवर थाप मारली.

दुपारी जेवणाच्या वेळी ताई माझ्या समोर येऊन बसल्या. रागावलेल्या नव्हत्या. त्यांनी फक्त विचारलं, "काऊन रे भाऊ, कसे फुटले?"

मी म्हटलं, आठ नंबरच्या बाबांना तापात भ्रम झाला, त्यांनी ट्रेला हात मारला.

आठ नंबरचे बाबा जामकडचे एक म्हातारे शेतमजूर होते. दोन दिवस त्यांना खरंच भ्रम होता, म्हणून ते नाव तोंडाशी आलं. ताई हसल्या, म्हणाल्या, बिचाऱ्याचा काय दोष. विषय संपला असं मला वाटलं. पण ताईंना गप्प कसं राहवेल? बाबा शुद्धीवर आल्यावर त्या जाऊन त्यांची थट्टा करायला लागल्या, "बाबा, तुमी तं मायी नागपूरची गाडीच चुकवली. आता मले इथंच तुमचे कपडे धुवा लागते."

बाबांना काही आठवत नव्हतं, आठवणार तरी काय. पण त्यांनी ते खरं मानलं. ताई वॉर्डात आल्या की हात जोडायचे. त्या म्हणायच्या, अहो मी गंमत करते. ते आणखी जोडायचे. घरी गेल्यावर ऐन हंगामात तुरीच्या ओल्या शेंगांचं गाठोडं घेऊन ते पायी आले, ताईंना द्यायला. त्या शेंगा ताईंनी मीठ घालून उकडल्या आणि सगळ्या दवाखान्याला वाटल्या. मीही खाल्ल्या. चांगल्या गोड होत्या, हेही लिहितो, कारण तेव्हा घास अडकला वगैरे म्हटलं तर ते खोटं होईल. अडकायला बरीच वर्षं गेली.

माझ्याकडं दोन होते आणि ते मी का आणून दिले नाहीत, हे ताईंनी कधीच विचारलं नाही. मी नागपूरला निघालो तेव्हा बसस्टँडवर आल्या होत्या. म्हणाल्या, "चांगलं शिकजो. आन आमाले विसरू नोको."

शिकलो. नागपूरहून परत आलो तो मास्तर होऊन. ते दाढवाले मामा पुन्हा आले, या वेळी तोंड मिटूनच बसले, आणि लग्न ठरलं. आई आता नोकरीचं नाव घ्यायला लागली. पोरगा शिकवते, म्हणायची. ताई तिथंच राहिल्या. दुःखी राहिल्या असं मात्र कुणी समजू नये. पुढं त्या मेट्रन झाल्या, मुलगी वर्ध्याला शिकून मास्तरीण झाली, आता सिंदी मेघ्याला राहते. ताई कधी तिच्याकडं आल्या की मला निरोप पाठवतात, मी जातो, त्या चहा करतात आणि "या मास्तर" म्हणून माझ्या पोटाकडं बघून हसतात. नागपूर मिळालं असतं तर आणखी काय झालं असतं, ते त्या बोलत नाहीत, मी विचारत नाही.

आता सगळ्यात वाईट गोष्ट. नोकरी निवडण्याबद्दल मुलं मला विचारतात तेव्हा मी मोकळेपणानं सांगतो: पाय दुखतील, घरचे लोक बिचकतील, पगारापेक्षा शेरे जास्त मिळतील, आणि तरीही एखाद्याचा ताप उतरताना पाहिला की घरी जाताना शीळ वाजवाल. हे सगळं खरं आहे. पण ताप कसा मोजावा हा धडा आला की मी दर बॅचला एक गोष्ट सांगत आलो. एका सिस्टरनं दहा रोग्यांचा ताप हातानं पाहून लिहिला, साहेबांनी पकडलं, तिची मोठी संधी गेली, म्हणून न मोजता आकडा कधी लिहू नका. पंधरा वर्षं. म्हातारीची नक्कल करून दाखवायचो, वर्ग हसायचा. माझा सगळ्यात चांगला धडा म्हणून तो ओळखला जातो.

या वर्षी पहिल्या बाकावर एक मुलगी आहे, समुद्रपूरकडचीच, कमी बोलणारी. वर्ग हसून थांबल्यावर ती उभी राहिली. म्हणाली, "सर, त्या सिस्टरपाशी त्या दिवशी थर्मामीटर काऊन नव्हते?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, धड्याचा तो भाग नाही, बस. ती बसली. वही उघडून पुढचं लिहायला लागली. मी फळ्याकडं वळलो तर काय लिहायचं होतं ते आठवेना. तास दहा मिनिटं आधी सोडला.

घरी येऊन बायकोला म्हटलं, डोकं दुखतंय. तिनं कपाळाला हात लावला आणि ताप नाही म्हणाली. खरंच नव्हता.

आठ नंबरच्या बाबांना आता काही सांगता येणार नाही; ते गेल्याचं मी जामच्या बसमध्ये ऐकलं, त्यालाही पुष्कळ वर्षं झाली. त्या वर्गाला मी पुढच्या तासाला त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर देणार आहे. ते सोपं आहे, समोर मुलं असली की मला बोलता येतं. ताई मात्र पुढच्या महिन्यात मुलीकडं येणार आहेत, आणि त्यांच्यासमोर चहाचा कप हातात घेऊन मी इतकी वर्षं हवापाण्यावर बोलत आलो आहे.

त्यांना मी एवढं सांगणं लागतो: तुमचे चार मी उकळले, माझे दोन मी मुद्दाम दिले नाहीत, आणि बाबांनी काहीही फोडलं नव्हतं. ते मी अजून सांगितलेलं नाही.